कॉन्रॅड हिल्टन : रिकाम्या खोलीचे मोल ओळखणारा हॉटेल व्यावसायिक

समुद्रकिनाऱ्यावरील एखाद्या आलिशान रिसॉर्टमध्ये चार रात्री मुक्काम करावा आणि निघताना खोलीच्या भाड्यापोटी रोख रक्कम मोजावी लागू नये, ही बाब आता अपूर्वाईची राहिलेली नाही. हॉटेल कंपनीच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर वर्षभर खर्च करायचा, त्यातून मिळणारे रिवॉर्ड पॉइंट साठवायचे आणि सुटीच्या दिवसांत ते खोलीच्या बदल्यात वापरायचे, ही पद्धत अमेरिकेत अनेक वर्षांपासून रूढ आहे आणि भारतातही ती आता परिचयाची होऊ लागली आहे.

ही योजना एका व्यक्तीने शोधून काढलेली नाही. तथापि ती ज्या तीन गोष्टींवर उभी आहे, त्या तिन्ही एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आलेल्या दिसतात. एकाच नावाने चालणारी हॉटेलांची साखळी, किनाऱ्यावरील आधुनिक रिसॉर्ट आणि हॉटेल कंपनीने काढलेले क्रेडिट कार्ड. तो माणूस म्हणजे कॉन्रॅड निकोल्सन हिल्टन. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींनी त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली. तिसऱ्या गोष्टीत मात्र त्यांच्या कंपनीला अपयश आले. हे अपयश आणि त्यांच्या निधनानंतर त्याच कल्पनेला लाभलेले यश, या दोहोंमधून त्यांच्या जीवनाचा खरा अर्थ उलगडतो.

दुकानालगतच्या खोल्या

कॉन्रॅड हिल्टन यांचा जन्म २५ डिसेंबर १८८७ रोजी सान अँटोनिओ या लहानशा गावी झाला. हे गाव न्यू मेक्सिको प्रांतातील असून टेक्सासमधील त्याच नावाच्या मोठ्या शहराशी त्याचा संबंध नाही. वडील ऑगस्टस हे नॉर्वेहून आलेले स्थलांतरित होते, तर आई मेरी यांचे घराणे मूळचे जर्मन होते. आठ भावंडांत कॉन्रॅड दुसरे. वडिलांचे किराणा व इतर मालाचे दुकान होते आणि खाणकामगार, गुराखी व शेतकरी हे त्यांचे गिऱ्हाईक होते. आईकडून त्यांना कॅथलिक धर्मनिष्ठेचा संस्कार मिळाला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

१९०७ मध्ये अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले. दुकानात माल पडून राहिला आणि रोख पैसा दुर्मिळ झाला. तेव्हा घरातील काही खोल्या प्रवाशांना भाड्याने देण्याचा निर्णय कुटुंबाने घेतला. आई स्वयंपाक पाहत असे आणि तरुण कॉन्रॅड रात्री-अपरात्री रेल्वे स्थानकावर जाऊन उतारूंचे सामान उचलून त्यांना घरी आणत असत. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती दुकानात निदान टिकते, उद्या विकता येते. रिकामी राहिलेली रात्र मात्र उद्या विकता येत नाही. हॉटेल व्यवसायाचा हा पहिला धडा त्यांना घरातच मिळाला.

पुढे त्यांनी न्यू मेक्सिकोतील खाणविद्यालयात शिक्षण घेतले. १९१२ मध्ये न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाल्यावर राज्याच्या पहिल्या विधिमंडळात ते निवडून गेले. त्यानंतर त्यांनी गावात एक लहान बँकही काढली. बँकर व्हायचे, एकामागून एक बँका ताब्यात घ्यायच्या, हेच त्यांचे तरुणपणीचे स्वप्न होते. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि फ्रान्समध्ये असतानाच वडिलांचे मोटार अपघातात निधन झाल्याची वार्ता त्यांना मिळाली.

सिस्कोतील चाळीस खोल्या

१९१९ मध्ये हिल्टन टेक्सासमधील सिस्को या गावी गेले. त्या परिसरात तेल सापडल्यामुळे माणसांची झुंबड उडाली होती. तेथील एक बँक विकत घेण्याचा त्यांचा विचार होता. ७५ हजार डॉलरला व्यवहार ठरला, पण मालकाने ऐन वेळी ८० हजारांची मागणी केली. संतापलेले हिल्टन रात्रीच्या मुक्कामासाठी रस्त्यापलीकडील मोब्ली हॉटेलमध्ये गेले, तर तेथे पाय ठेवायला जागा नव्हती. तेलकामगार आठ-आठ तासांच्या पाळीने खाटा भाड्याने घेत होते. एक पाळी उठली की दुसरी झोपायला येई. हॉटेलमालकाला मात्र तेलाच्या धंद्याचे वेध लागले होते आणि त्याला हॉटेल विकायचे होते.

हिल्टन यांनी ते ४० खोल्यांचे हॉटेल ४० हजार डॉलरला घेतले. त्यांचे स्वतःचे भांडवल सुमारे ५ हजार डॉलर होते. उरलेली रक्कम आई, मित्र आणि बँकेचे कर्ज यांतून उभी राहिली. हॉटेल हाती येताच त्यांनी भोजनगृह बंद करून तेथे खाटा टाकल्या, कारण त्या गावात जेवणापेक्षा झोपेला अधिक किंमत होती. प्रवेशद्वाराजवळील स्वागताची लांबलचक जागा कमी करून तेथे वर्तमानपत्रे व किरकोळ वस्तूंचे दुकान काढले. बँक विकत घेण्यासाठी गेलेला माणूस अशा रीतीने हॉटेलमालक झाला. तरीही बँकरची दृष्टी त्यांनी सोडली नाही. इमारतीतील प्रत्येक चौरस फूट हे भांडवल आहे आणि भांडवलाने व्याज दिले पाहिजे, असे त्यांचे गणित होते.

१९२५ मध्ये डॅलस येथे हिल्टन हे नाव धारण करणारे पहिले हॉटेल सुरू झाले. त्याची जमीन त्यांनी विकत न घेता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली होती. वातानुकूलनाचा तो काळ नव्हता. त्यामुळे मावळत्या उन्हाच्या पश्चिमेच्या बाजूस पाहुण्यांच्या खोल्या न ठेवता उद्वाहने आणि इतर सेवांची सोय करण्यात आली होती. त्याच वर्षी त्यांचा मेरी बॅरन यांच्याशी विवाह झाला. निक, बॅरन आणि एरिक हे त्यांचे तीन पुत्र.

तीनशे डॉलरचा विश्वास

टेक्सासमध्ये हॉटेलांची संख्या वाढत असतानाच १९२९ चा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीला प्रारंभ झाला. १९३० मध्ये एल पासो येथे हिल्टन यांचे उंच व खर्चिक हॉटेल सुरू झाले, ते या आपत्तीच्या तोंडावरच. लोकांनी प्रवास करणे सोडले. खर्च वाचविण्यासाठी हॉटेलातील मजलेच्या मजले बंद ठेवावे लागले. गॅल्व्हेस्टनच्या मूडी कुटुंबाकडून घेतलेल्या कर्जाची परतफेड होऊ शकली नाही आणि हॉटेले सावकाराच्या ताब्यात गेली. ज्या हॉटेलांचे ते मालक होते, त्याच हॉटेलांचे व्यवस्थापक म्हणून काही काळ त्यांना काम करावे लागले.

या दिवसांतील एक प्रसंग हिल्टन यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदविला आहे. पाहुण्यांचे सामान वाहणाऱ्या एका कर्मचाऱ्याने आपल्या आयुष्यभराच्या बचतीतील ३०० डॉलर त्यांच्या हाती ठेवले. तारण नाही, कागद नाही, परतफेडीची मुदत नाही. किराणा दुकानदार आणि पुरवठादार यांनीही त्यांना उधारी दिली. बँका ज्याला पत म्हणतात ती संपली होती. माणसे ज्याला पत म्हणतात ती मात्र शिल्लक होती. त्याच आधारावर मूडी कुटुंबाशी झालेला वाद मिटवून त्यांनी पाच हॉटेले परत मिळविली आणि हळूहळू ते कर्जातून बाहेर आले. या काळाची किंमत घरालाही चुकवावी लागली. १९३४ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. १९४२ मध्ये अभिनेत्री झा झा गाबोर यांच्याशी झालेला त्यांचा दुसरा विवाहही फार काळ टिकला नाही.

याच मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कच्या नव्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलचे छायाचित्र नियतकालिकातून कापून घेतले होते. टेबलाच्या काचेखाली ते अनेक वर्षे राहिले. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये त्या हॉटेलचे नियंत्रण हिल्टन यांच्याकडे आले.

वाया जाणारी जागा

दरम्यान त्यांचा विस्तार वेगाने झाला. १९४३ मध्ये न्यूयॉर्कचे प्लाझा, १९४५ मध्ये शिकागोचे पामर हाउस आणि सुमारे तीन हजार खोल्यांचे, त्या काळी जगातील सर्वांत मोठे मानले जाणारे स्टीव्हन्स ही हॉटेले त्यांच्याकडे आली. १९४६ मध्ये हिल्टन हॉटेल्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि पुढील वर्षी तिचे भाग न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदविले गेले. १९५४ मध्ये त्यांनी स्टॅटलर ही प्रतिस्पर्धी साखळी १११ दशलक्ष डॉलरला विकत घेतली. स्थावर मालमत्तेचा एवढा मोठा व्यवहार तोपर्यंत झालेला नव्हता.

नवे हॉटेल ताब्यात आले की हिल्टन प्रथम निरुपयोगी जागेचा शोध घेत. प्लाझामधील एका शेअर दलालाचे कार्यालय हलवून तेथे पुन्हा बार सुरू करण्यात आला. वॉल्डॉर्फच्या दालनातील केवळ शोभेसाठी उभ्या असलेल्या खांबांच्या जागी काचेची कपाटे आली आणि ती सुगंधी द्रव्यांच्या विक्रेत्यांना भाड्याने देण्यात आली. हॉटेलांच्या जुन्या चाहत्यांना ही व्यापारी वृत्ती रुचत नसे. हिल्टन यांच्या दृष्टीने मात्र रिकामा खांब आणि रिकामी खाट यांत भेद नव्हता.

सान हुआनचा किनारा

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या आधिपत्याखालील बेट गरिबीने ग्रासलेले होते. उसाच्या शेतीवर अवलंबून असलेल्या या बेटावर उद्योग आणि पर्यटन आणण्याची मोहीम लुईस मुन्योस मारीन आणि औद्योगिक विकास कंपनीचे प्रमुख तेओदोरो मोस्कोसो यांनी हाती घेतली होती. राजधानी सान हुआन येथील समुद्रकिनाऱ्यावर सरकारी खर्चाने आधुनिक हॉटेल बांधायचे आणि ते नामांकित कंपनीला चालवायला द्यायचे, अशी ही योजना होती. अनेक अमेरिकन हॉटेल व्यावसायिकांना पत्रे गेली. न्यू मेक्सिकोत स्पॅनिश ऐकत वाढलेल्या हिल्टन यांनी आपले उत्तर स्पॅनिश भाषेतून पाठविले. सौजन्याच्या या छोट्याशा कृतीचा प्वेर्तो रिकोच्या अधिकाऱ्यांवर अनुकूल परिणाम झाला.

करार दोन्ही पक्षांना लाभदायक होता. जमीन, इमारत आणि सामानसुमान सरकारचे. नाव, व्यवस्थापन, आरक्षणाची यंत्रणा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हिल्टन यांचे. चालू नफ्याचा दोन तृतीयांश भाग सरकारला आणि एक तृतीयांश हिल्टन यांना. डिसेंबर १९४९ मध्ये ३०० खोल्यांचे कॅरिबे हिल्टन सुरू झाले. वसाहतकालीन वास्तूंचे अनुकरण टाळून स्थानिक वास्तुविशारदांनी समुद्राकडे उघडणारे सज्जे आणि वातानुकूलित खोल्या अशी आधुनिक रचना केली होती. थंडीच्या दिवसांत उत्तर अमेरिकेतून विमानाने येणाऱ्या पर्यटकांमुळे हॉटेल भरू लागले. पिन्या कोलादा हे अननस व नारळाचे प्रसिद्ध पेय १९५४ मध्ये आपल्याच बारमध्ये तयार झाले, असा या हॉटेलचा दावा आहे.

या हॉटेलमुळे हिल्टन यांना विस्ताराचा नवा नमुना सापडला. इमारत दुसऱ्याची आणि नाव आपले. माद्रिद, इस्तंबूल आणि कैरो येथील हॉटेले १९५३ ते १९५९ या काळात याच तत्त्वावर उभी राहिली. साम्यवादाच्या विरोधात अमेरिकन जीवनपद्धतीचे दर्शन जगाला घडवावे, असा राजकीय हेतूही ते उघडपणे मांडत. या पद्धतीतील जोखीम कोणाकडे राहते, हे हवानामध्ये स्पष्ट झाले. मार्च १९५८ मध्ये तेथे सुरू झालेले हवाना हिल्टन जानेवारी १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांचे मुख्यालय बनले आणि १९६० मध्ये ते सरकारजमा झाले. इमारतीत मुख्यतः क्युबातील हॉटेल कामगारांच्या निवृत्तिनिधीचा पैसा गुंतलेला होता. हिल्टन यांचे नाव पाटीवरून उतरले, परंतु कंपनी बुडाली नाही. १९६१ मध्ये होनोलुलुच्या वायकीकी किनाऱ्यावरील हवाईयन व्हिलेज हे रिसॉर्ट हिल्टनच्या साखळीत आले. सुटीसाठी किनाऱ्यावर जाणे आणि हिल्टनमध्ये उतरणे हे अमेरिकन मध्यमवर्गाच्या मनात एकरूप होऊ लागले.

कार्ट ब्लांश : पतीचा प्रयोग

पाहुण्याने खिशात रोख रक्कम न बाळगता प्रवास करावा, ही कल्पनाही याच काळातील. १९५० मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड न्यूयॉर्कमधील उपाहारगृहांत सुरू झाले होते. हिल्टनची हॉटेले आपल्या नेहमीच्या पाहुण्यांना उधारीसाठी स्वतःची ओळखपत्रे देत असत. १९५८ हे वर्ष या क्षेत्रात निर्णायक ठरले. अमेरिकन एक्स्प्रेसने आपले कार्ड बाजारात आणले, बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात बँकेच्या क्रेडिट कार्डाचा प्रयोग केला आणि हिल्टन यांनीही हिल्टन क्रेडिट कॉर्पोरेशनमार्फत कार्ट ब्लांश या कार्डाची योजना पुढे आणली. तिची सूत्रे पुत्र बॅरन यांच्याकडे होती. तरुणपणी बँकर होऊ न शकलेले हिल्टन या मार्गाने पुन्हा पतपुरवठ्याच्या दारात आले होते.

कार्डाचे स्वरूप साधे होते. पाहुण्याने हॉटेल, उपाहारगृह किंवा दुकानात कार्ड दाखवायचे आणि महिन्याच्या अखेरीस एकत्रित देयक भरायचे. दुकानदाराकडून कंपनीला काही टक्के रक्कम मिळणार आणि कार्डधारकाकडून वार्षिक वर्गणी. परंतु हॉटेलचा पाहुणा आणि कर्जदार या दोन निराळ्या व्यक्ती असतात, हे लवकरच दिसून आले. १९५९ मध्ये १९ वर्षांच्या एका अमेरिकन तरुणाला हे कार्ड मिळाले. त्याने सुमारे महिनाभरात हॉटेले, कपडे आणि प्रवासावर जवळजवळ १० हजार डॉलर खर्च केले. ते फेडण्याची ऐपत त्याच्याजवळ नव्हती. हे प्रकरण देशभर गाजले. थकबाकी, फसवणूक आणि हिशेबाचा वाढता खर्च यांमुळे कार्ट ब्लांश तोट्यात गेले.

त्या काळी संगणकीय जाळे नव्हते आणि ग्राहकाची पत तत्काळ तपासण्याची सोयही नव्हती. एल पासोतील त्या कर्मचाऱ्याने हिल्टन यांना ओळखून पैसे दिले होते. लाखो अनोळखी लोकांना उधारी देताना ओळखीची जागा घेणारी यंत्रणा लागते आणि ती हॉटेल कंपनीजवळ नव्हती. १९६०च्या दशकाच्या मध्यात हिल्टन यांनी हा व्यवसाय न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल सिटी बँकेकडे सोपविला. उधारी हे बँकेचे काम आणि खाट हे हॉटेलचे काम, अशी विभागणी त्यातून पुढे आली. आजची हॉटेल क्रेडिट कार्डे नेमक्या याच विभागणीवर चालतात.

नाव गेले, नाव राहिले

१९६४ मध्ये परदेशातील हॉटेलांची कंपनी मूळ कंपनीपासून वेगळी करण्यात आली आणि १९६७ मध्ये ती टीडब्ल्यूए या विमान कंपनीला विकली गेली. मोबदला मुख्यतः विमान कंपनीच्या समभागांत होता आणि त्यांचे मूल्य पुढे घसरले. याहून दूरगामी परिणाम निराळाच झाला. अमेरिकेबाहेर हिल्टन हे नाव वापरण्याचा हक्क हिल्टन यांच्याच कंपनीला राहिला नाही. कॅरिबे हिल्टनपासून ज्या नावाच्या बळावर साखळी वाढली, ते नाव दोन कंपन्यांत विभागले गेले. म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकन कंपनीला परदेशात हॉटेल काढायची वेळ आली तेव्हा संस्थापकाच्या पहिल्या नावाचा, म्हणजे कॉन्रॅड या नावाचा, आधार घ्यावा लागला.

१९६६ मध्ये बॅरन हिल्टन कंपनीचे अध्यक्ष झाले, तरी वृद्ध कॉन्रॅड संचालक मंडळाचे प्रमुख म्हणून कार्यरत राहिले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेले बी माय गेस्ट हे त्यांचे आत्मचरित्र हॉटेलांच्या खोल्यांतून ठेवले जात असे. १९७६ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्यांनी मेरी फ्रान्सिस केली यांच्याशी तिसरा विवाह केला. ३ जानेवारी १९७९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डॅलस येथे त्यांचे दफन करण्यात आले.

संपत्तीचा मोठा भाग त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कॉन्रॅड एन. हिल्टन फाउंडेशनला दिला होता. कंपनीचे समभाग कोणाकडे जावेत यावरून बॅरन आणि फाउंडेशन यांच्यात अनेक वर्षे न्यायालयीन लढा चालला आणि १९८८ मध्ये तडजोड झाली. या फाउंडेशनचा मानवसेवा पुरस्कार २०१० मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्रसेवा संस्थेला मिळाला.

रात्रीच्या बदल्यात पॉइंट

हिल्टन यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी मैल जमा करण्याची योजना आणली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तिचे अनुकरण केले आणि १९८७ मध्ये हिल्टननेही आपली योजना सुरू केली. विमानातील रिकामे आसन आणि हॉटेलातील रिकामी खोली यांचा नाशवंतपणा सारखाच असतो. जी खोली आज विकली जाणार नाही, ती निष्ठावंत पाहुण्याला बक्षीस म्हणून देण्यास कंपनीला फारसा खर्च येत नाही. सिस्कोच्या पाळीतील खाटांचे तत्त्वच येथे नव्या रूपात अवतरले. पुढे १९९७ मध्ये दोन्ही हिल्टन कंपन्यांनी सहकार्याचा करार केला आणि २००६ मध्ये त्या पुन्हा एकत्र आल्या. त्यामुळे जगभरातील हॉटेलांसाठी एकाच खात्यातील पॉइंट वापरणे शक्य झाले.

१९९०च्या दशकात या योजनेला क्रेडिट कार्डाची जोड मिळाली. मात्र या वेळी उधारी देणारी संस्था हॉटेल कंपनी नव्हती. ग्राहकाची पत बँक तपासते, थकबाकीची जोखीम बँक उचलते आणि कार्डधारकाला देण्यासाठी हॉटेल कंपनीकडून पॉइंट घाऊक भावाने विकत घेते. पाहुणा पॉइंट वापरून रिसॉर्टमध्ये उतरला की योजनेच्या निधीतून हॉटेलमालकाला ठरलेली रक्कम मिळते. ओस पडलेल्या हंगामात ती अल्प असते, तर हॉटेल जवळपास भरलेले असेल तेव्हा नेहमीच्या दराच्या जवळ जाते. म्हणूनच सुटीच्या ऐन हंगामात किनाऱ्यावरील खोल्यांना अधिक पॉइंट लागतात किंवा त्या मिळतच नाहीत.

या व्यवहारातील एक बाजू ग्राहकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. पॉइंट म्हणजे रोख रक्कम नव्हे. ते कंपनीने दिलेले वचन असते आणि त्याचे मूल्य ठरविण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो. २०१३ मध्ये हिल्टनने अनेक हॉटेलांसाठी लागणाऱ्या पॉइंटची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढविली आणि २०१७ मध्ये ठरावीक दरपत्रकही रद्द केले. वर्षानुवर्षे साठवून ठेवलेल्या पॉइंटांचे मोल त्यामुळे घटले. कार्डाची थकबाकी पुढील महिन्यात नेणाऱ्याला भरावे लागणारे व्याज तर रिसॉर्टमधील मोफत रात्रीपेक्षा सहज महाग पडू शकते. देयक दरमहा पूर्ण भरणारा आणि मिळालेले पॉइंट वेळीच वापरणारा ग्राहकच या योजनेत लाभात राहतो.

भारतात २०२३ मध्ये मॅरियट आणि एचडीएफसी बँक यांचे संयुक्त क्रेडिट कार्ड डायनर्स क्लबच्या जाळ्यावर सुरू झाले. १९५० मध्ये हिल्टन यांच्या कार्डाआधी आलेले तेच हे नाव. मुंबईत नरिमन पॉइंट येथील आजचे ट्रायडंट हॉटेल २००८ पर्यंत काही वर्षे हिल्टन टॉवर्स या नावाने ओळखले जात होते आणि गोव्यात कांदोळी येथे हिल्टनचे रिसॉर्ट आहे.

पुन्हा पतीचा प्रश्न

२०२० मध्ये करोना साथीमुळे जगभरातील हॉटेले ओस पडली. महामंदीनंतर एवढ्या खाटा एकाच वेळी रिकाम्या राहिल्याचे दृश्य क्वचितच दिसले असेल. त्या वर्षी एप्रिलमध्ये हिल्टन कंपनीने अमेरिकन एक्स्प्रेसला एक अब्ज डॉलरचे पॉइंट आगाऊ विकून रोकड उभी केली. या पॉइंटांच्या मोबदल्यात पुढे द्यायच्या रात्री तेव्हा भविष्यातच होत्या. पाहुणे पुन्हा प्रवासाला निघतील आणि किनाऱ्यावरील खोल्या पुन्हा भरतील, हा विश्वासच येथे तारण होता.

एल पासोत सामान वाहणाऱ्या कर्मचाऱ्याने दिलेले ३०० डॉलर आणि नव्वद वर्षांनंतर कार्ड कंपनीने दिलेले एक अब्ज डॉलर यांत रकमेचे अंतर प्रचंड आहे. व्यवहाराचे मूळ मात्र एकच. हॉटेल रिकामे असताना कोणीतरी त्याच्या उद्यावर विश्वास ठेवला. फरक इतकाच की पहिल्या व्यवहारात कर्मचाऱ्याने आपली बचत स्वतःच्या मनाने पणाला लावली होती. आज ही आगाऊ रक्कम अंतिमतः लाखो कार्डधारकांच्या दैनंदिन खर्चातून उभी राहते आणि त्यांपैकी अनेकांना त्याची जाणीवही नसते.

सान हुआनचे कॅरिबे हिल्टन २०१७ च्या मारिया चक्रीवादळात मोठ्या प्रमाणावर नादुरुस्त झाले आणि दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाले. हिल्टन यांनी तेथे ना जमीन घेतली होती, ना इमारत बांधली होती. त्यांनी दिले होते केवळ नाव आणि रोजची व्यवस्था. सत्तराहून अधिक वर्षांनंतरही ते नाव पाटीवर कायम आहे आणि पॉइंटच्या मोबदल्यात मुक्कामाला येणारे पाहुणे त्याच नावावर भरवसा ठेवून तेथे उतरत आहेत.